नाताळनंतरच्या बर्फाळ रात्री : भयपट नव्याने पाहणाऱ्यांसाठी सहा रात्रींचा क्रम

२६ डिसेंबरला ओटावामध्ये साडेचारच्या आत सूर्य मावळतो. जेवणावळी उरकलेल्या असतात, भेटवस्तूंचे रंगीत कागद कचऱ्यात गेलेले असतात, खिडक्यांमधले दिवे तेवढे अजून तसेच असतात. नवं वर्ष उजाडेपर्यंत कुणालाच कुठे जायचं नसतं. सांगलीहून इथे आले, त्या पहिल्या हिवाळ्यात या रिकाम्या आठवड्याचं काय करावं ते मला सुचत नव्हतं. ऑफिसमधला एक सहकारी म्हणाला, "बर्फातले भयपट बघ. हेच त्यांचे दिवस." खरं होतं त्याचं. इंग्लंडमध्ये नाताळच्या दिवसांत शेकोटीशी बसून भुताच्या गोष्टी सांगण्याची रीत जुनी आहे. डिकन्सची १८४३ सालची प्रसिद्ध नाताळकथा मुळात भुतांचीच, आणि बीबीसीनेही १९७१ पासून नाताळात भुताची गोष्ट दाखवायला सुरुवात केली.

मी मात्र सुरुवात चुकीच्या टोकाने केली. पहिल्याच रात्री 'द थिंग' लावला. दिवे चालू, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, सबटायटल बंद, आणि सोबत आलेल्या मैत्रिणीच्या घरी दोन कुत्री. कुत्र्यांच्या प्रसंगाला ती उठून गेली, आणि त्यानंतर दोन वर्षं माझ्याबरोबर कुठलाही चित्रपट बघायला बसली नाही. चित्रपट उत्तम होता, मी तो चुकीच्या दिवशी, चुकीच्या माणसासमोर लावला होता. तेव्हापासून आठ हिवाळ्यांत अदलाबदल करत जो क्रम बसला, तो इथे देते आहे. तुम्ही टोरोंटोत असा की ठाण्यात, चालेल. ठाण्यात असाल तर फक्त पंखा जरा जोरात लावा.

आधी जमवाजमव

- पूर्ण अंधार होईल अशी खोली. पडद्यामागून रस्त्यावरचा दिवा येत असेल तर चादर लावा.
- चांगले हेडफोन किंवा बऱ्यापैकी स्पीकर. टीव्हीच्या स्वतःच्या आवाजावर हे चित्रपट अर्धेच पोचतात.
- टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'मोशन स्मूदिंग' बंद. कंपनीगणिक नाव वेगळं असतं. ते चालू राहिलं तर चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो आणि भीती तिथेच मरते.
- प्रत्येक चित्रपटाचं साल आणि लांबी एका कागदावर लिहून ठेवा. का, ते पायरी २ मध्ये.
- घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्याची खात्री. खाली दिलेला एकही चित्रपट मुलांसाठी नाही.
- चहाचा थर्मास. मध्येच उठून चहा करायला गेलात की बांधलेला ताण सुटतो.

१. आधी बर्फ काय करतं ते समजून घ्या

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची. आपल्यापैकी बहुतेकांनी बर्फ पाहिलेलं असतं ते मनालीत चार दिवस, नाहीतर गाण्यांमध्ये. त्यामुळे पडद्यावर पांढरं दिसलं की आपल्याला ते सुंदर वाटतं. या चित्रपटांमध्ये बर्फ हे कुलूप आहे.

पावसाळ्यात घाटात दरड कोसळते, रस्ता बंद होतो, वीज जाते, मोबाइलला रेंज नसते, आणि आपण ज्या घरात आहोत तिथेच अडकतो. कोकणात ज्याची एक तरी रात्र अशी गेली आहे, त्याला बर्फातला भयपट लवकर कळेल. २०१८ च्या 'तुंबाड'मध्ये सतत कोसळणारा पाऊस जे काम करतो, तेच काम तिथे बर्फ करतं. फरक एवढाच की पाऊस आवाज करतो आणि बर्फ आवाज गिळतं. ताज्या, भुसभुशीत बर्फात हवेच्या असंख्य पोकळ्या असतात आणि त्या ध्वनी शोषून घेतात. पहिल्या मोठ्या हिमवर्षावानंतर सकाळी दार उघडलं तेव्हा मला वाटलं, आपल्या कानांनाच काहीतरी झालं. रस्ता होता, झाडं होती, पण गावातून आवाजच काढून घेतल्यासारखा. या शांततेत कुणी हाक मारली तर ती किती लांब पोचेल, असा विचार मनात आला की तुम्ही तयार झालात म्हणायचं.

आणखी तीन गोष्टींवर नजर ठेवा. पहिली, पावलांचे ठसे. बर्फात माणूस लपू शकतो, पण कुठून आला ते लपवू शकत नाही. निदान पुन्हा बर्फ पडेपर्यंत तरी नाही. दुसरी, श्वासाची वाफ. खोलीत बोलताना तोंडातून वाफ निघाली तर तिथली उष्णता गेली, म्हणजे काहीतरी बिघडलं. तिसरी, प्रकाश. बर्फ उजेड परावर्तित करतं, त्यामुळे रात्र पूर्ण काळी होत नाही. सगळं थोडं थोडं दिसत राहतं, आणि तेच वाईट.

प्रत्येक चित्रपट बघताना स्वतःला एक प्रश्न विचारत राहा : बर्फाने इथे नेमकं काय बंद केलंय? रस्ता? फोन? उजेड? की माणसांचा एकमेकांवरचा विश्वास? माझा क्रम याच प्रश्नावर बेतलेला आहे.

२. नाव नव्हे, साल बघा

नवख्यांची सर्वांत जास्त फसगत इथे होते.

'द थिंग' नावाचे दोन चित्रपट आहेत, १९८२ चा आणि २०११ चा. दुसऱ्यात पहिल्याच्या आधीची हकीकत आहे, पण नाव हुबेहूब तेच. तुम्हाला १९८२ चा हवा आहे. 'द शायनिंग' १९८० चा चित्रपट आहे आणि १९९७ ची तीन भागांची टीव्ही मालिकाही. 'ब्लॅक ख्रिसमस' तीन आहेत : १९७४, २००६ आणि २०१९. त्यातला पहिलाच घ्या. 'लेट द राइट वन इन' हा २००८ चा स्वीडिश चित्रपट, आणि 'लेट मी इन' ही त्याच कथेवरून अमेरिकेत २०१० साली बनलेली आवृत्ती.

'फ्रोझन' या नावाबद्दल तर स्वतंत्र इशारा. २०१० चा 'फ्रोझन' हा स्कीच्या पाळण्यात हवेतच अडकलेल्या तिघांचा भयपट आहे. खाली बर्फ, आणि रिसॉर्ट पुढच्या शुक्रवारपर्यंत बंद. २०१३ चा 'फ्रोझन' हा डिस्नेचा, राजकन्यांचा. या दोहोंची अदलाबदल कुठल्याही दिशेने झाली तरी संध्याकाळ वाया जाते, आणि लहान मूल समोर असेल तर त्याची झोपही.

कुठला चित्रपट कोणत्या ॲपवर आहे हे मी लिहीत नाही, कारण ते दर काही महिन्यांनी बदलतं. शोधताना नावासोबत साल टाकायची सवय लावा. आणि ट्रेलर बघू नका, त्यात अनेकदा शेवटाकडचे प्रसंगही दाखवून टाकतात.

३. २६ डिसेंबर : 'मिझरी' (१९९०)

भूत नाही, राक्षस नाही, म्हणून पहिली रात्र याची. कोलोरॅडोच्या डोंगरांत एक लेखक आपली कादंबरी पूर्ण करून निघतो, हिमवादळात गाडी घसरते, आणि एक नर्स त्याला वाचवून घरी आणते. ती त्याची सर्वांत मोठी चाहती आहे. दोन्ही पाय मोडलेत, रस्ते बंद, फोन बंद असं ती सांगते, आणि तिच्यावर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नाही.

दिग्दर्शक रॉब रायनर, आणि नर्सच्या भूमिकेसाठी कॅथी बेट्सला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. तिच्या आवाजाकडे लक्ष द्या. ती शिव्या देत नाही, लहान मुलांसारखे शब्द वापरते, आणि त्याच आवाजात अचानक धार येते. बर्फ इथे फक्त रस्ता बंद करतं. बाकी सगळं एक माणूस करतो. एक हातोड्याचा प्रसंग आहे. तो येतोय हे कळेल, तेव्हा डोळे मिटायचे तर खुशाल मिटा. मीही पहिल्यांदा मिटले होते.

जिला किंवा ज्याला भयपट आवडतच नाहीत, अशा माणसाला सोबत घ्यायचं असेल तर याच रात्री घ्या.

४. २७ डिसेंबर : 'क्वायदान'मधली एकच गोष्ट

मासाकी कोबायाशी यांचा १९६४ चा हा जपानी चित्रपट तीन तासांचा आहे आणि त्यात चार स्वतंत्र कथा आहेत. तुम्ही फक्त दुसरी बघा, हिमस्त्रीची. जपानमध्ये भुताच्या गोष्टींचा मोसम खरं तर उन्हाळा, पण युकी-ओन्ना, म्हणजे बर्फाची बाई, ही हिवाळ्याची. लाफ्काडिओ हर्न यांनी १९०४ च्या पुस्तकात ही लोककथा इंग्रजीत लिहिली, तिच्यावरून ही गोष्ट घेतली आहे.

दोन लाकूडतोडे वादळात झोपडीत अडकतात. पांढऱ्या वस्त्रातली बाई येते, म्हाताऱ्यावर श्वास सोडते, तो गोठून मरतो. तरुणाला ती सोडते, एका अटीवर : हे कुणालाही सांगायचं नाही. हडळीच्या आणि जखिणीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही अट लगेच ओळखीची वाटते. पुढे काय होणार याचा अंदाज तुम्हाला येईल, आणि अंदाज येऊनही शेवट काळजाला लागेल. मला यात भीतीपेक्षा दुःख जास्त वाटतं. आकाश रंगवलेलं आहे, त्यात चक्क डोळे आहेत. स्टुडिओत उभारलेलं हे खोटं बर्फ मला पुष्कळ खऱ्या बर्फापेक्षा जास्त गार वाटतं.

सापळा : अमेरिकेत सुरुवातीला दाखवलेल्या कमी लांबीच्या आवृत्तीतून नेमकी हीच कथा गाळली होती. तुमच्या हाती आलेली आवृत्ती दोन तासांच्या आसपासची दिसली तर दुसरी शोधा.

५. २८ डिसेंबर : 'द शायनिंग' (१९८०)

दोन दिवस सराव झाला, आता मोठ्या हॉटेलात जायला हरकत नाही. ऑक्टोबरअखेर बंद होणारं डोंगरातलं हॉटेल, मे महिन्यापर्यंत त्याची राखण करायला गेलेला एक लेखक, त्याची बायको आणि लहान मुलगा. बस्स, एवढीच माणसं. ज्याच्या कादंबरीवरून हा चित्रपट आला, त्या स्टीफन किंगला ही कल्पना सुचली ती १९७४ मध्ये, कोलोरॅडोतल्या स्टॅन्ली हॉटेलमध्ये बायकोबरोबर मुक्कामाला असताना. हंगाम संपत आला होता आणि त्यांच्याखेरीज तिथे जवळपास कुणीच पाहुणे नव्हते. रिकाम्या हॉटेलचा तो लांबलचक कॉरिडॉर स्टॅन्ली कुब्रिकने पडद्यावर आणला. किंगला स्वतःला हा चित्रपट आवडला नाही, हेही प्रसिद्ध आहे.

नवख्याला सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण आधी लांबीचं बघा. अमेरिकन आवृत्ती १४४ मिनिटांची, युरोपात दाखवलेली ११९ मिनिटांची. पहिल्यांदा बघताना १४४ घ्या. मुलाच्या आणि आईच्या घरातला जास्तीचा भाग तिच्यात आहे, आणि त्या आईची काळजी वाटल्याशिवाय या चित्रपटात काही अर्थ नाही. शेली ड्यूव्हलच्या भूमिकेला त्या वेळी फार बोलणी खावी लागली. मला ती चित्रपटातली सर्वांत खरी व्यक्ती वाटते : नवऱ्याचं काहीतरी बिनसलंय हे कळूनही मुलासमोर हसत नाश्ता आणणारी.

आता बर्फाचं. हॉटेलचं बाह्यरूप ओरेगॉनमधल्या माउंट हूडवरच्या टिंबरलाइन लॉजचं आहे, आतला भाग आणि झाडांचा चक्रव्यूह इंग्लंडमधल्या एल्स्ट्री स्टुडिओत उभारला होता. चक्रव्यूहातलं बर्फ म्हणजे मीठ आणि थर्माकोलसारख्या फोमचा चुरा. हे कळल्यावरही मला ते प्रसंग बघताना हात बगलेत धरावेसे वाटतात. कादंबरीतली २१७ क्रमांकाची खोली चित्रपटात २३७ झाली, कारण लॉजवाल्यांना भीती होती की पुढे त्या खोलीत कुणी उतरणारच नाही.

पहिला तासभर 'काही घडत नाही' असं वाटेल. घडत असतं. मुलगा तिचाकी सायकल चालवतो तो आवाज ऐका : लाकडी फरशीवर खडखड, गालिच्यावर एकदम गप्प, पुन्हा खडखड. बाहेर बर्फाने जे केलंय, ते आत गालिचा करतोय. यासाठीच हेडफोन सांगितले होते. आणि पावलांच्या ठशांबद्दल पायरी १ मध्ये लिहिलं ते शेवटच्या पंधरा मिनिटांत आठवा.

६. २९ डिसेंबर : 'लेट द राइट वन इन' (२००८)

काल इतका ताण झाल्यावर आज हळुवार चित्रपट. हळुवार म्हणजे सौम्य नव्हे, रक्त आहे. स्टॉकहोमचं ब्लॅकेबर्ग हे उपनगर, साल १९८२, शाळेत मार खाणारा बारा वर्षांचा ऑस्कर आणि शेजारी राहायला आलेली एली, जिला थंडी वाजत नाही. अंगणातल्या बर्फात ती अनवाणी उभी असते. मी इथे उणे वीसमध्ये बसची वाट बघत उभी राहिलेय, म्हणून ती उघडी पावलं बघून माझ्या पोटात जे कालवलं, ते तिच्या दातांनी कालवलं नाही.

बरंचसं चित्रीकरण उत्तर स्वीडनमधल्या लुलिओ शहरात झालं, कारण खात्रीची थंडी तिथे मिळते. दिग्दर्शक टोमास आल्फ्रेडसन कॅमेरा लांब ठेवतो आणि भयंकर गोष्टी चौकटीच्या कडेला घडवतो. पोहण्याच्या तलावातला प्रसंग येईल तेव्हा पाण्याखालून नजर हटवू नका.

सापळा सबटायटलचा. अमेरिकेत निघालेल्या पहिल्या डिस्कवरचे इंग्रजी संवाद अतिशय सोपे करून टाकले होते. तक्रारी झाल्यावर चित्रपटगृहातले मूळ संवाद पुन्हा दिले गेले. पर्याय असेल तर 'थिएट्रिकल' लिहिलेले सबटायटल निवडा. डब केलेली आवृत्ती मुळीच नको. या दोन मुलांचे कुजबुजणारे आवाज म्हणजेच निम्मा चित्रपट आहे.

७. ३० डिसेंबर : 'द थिंग' (१९८२)

आता तुम्ही तयार आहात. दिवे बंद, कुकर बंद, आणि कुत्र्यांवर जीव असणाऱ्यांना आधी सांगून टाका की कुत्र्यांना इथे फार वाईट मरण आहे.

अंटार्क्टिकातलं संशोधन केंद्र, बारा पुरुष, हिवाळा तोंडावर. एक हेलिकॉप्टर बर्फावरून पळणाऱ्या कुत्र्याचा पाठलाग करत येतं. त्यातला नॉर्वेजियन माणूस ओरडून काहीतरी सांगतो. तिथे भाषांतर नाही, ते मुद्दामच नाही. केंद्रातल्या माणसांनाही कळत नाही. ते वाक्य फोनवर शोधू नका, चित्रपट संपल्यावर शोधा.

या चित्रपटात येणारं संकट कुठल्याही जिवाची हुबेहूब नक्कल करू शकतं. म्हणजे समोर बसलेला मित्र मित्रच आहे का, हे सांगता येत नाही. रस्ता, फोन, उजेड सगळं बंद झालंच आहे, इथे बर्फाने शेवटचं दारही लावलं : माणसाचा माणसावरचा विश्वास. म्हणून हा पहिल्या रात्री बघायचा नसतो. 'मिझरी'त निदान शत्रू कोण ते ठाऊक असतं.

दिग्दर्शक जॉन कार्पेंटर, संगीत एन्नियो मोरिकोने, आणि ती किळसवाणी, थक्क करणारी रूपं घडवली रॉब बॉटिन नावाच्या विशीतल्या मुलाने. संगणक नाही, सगळं रबर, यंत्रं आणि हातांचं काम. कुत्र्यांच्या कोठडीतला प्राणी तेवढा स्टॅन विन्स्टनने केला. बाहेरची दृश्यं कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात, स्ट्युअर्ट गावाजवळ घेतली, आणि आतली लॉस एंजेलिसमध्ये, मुद्दाम गार केलेल्या स्टुडिओत. श्वासाची वाफ खरी दिसावी म्हणून. ती वाफ बघत बसा. कुणाच्या तोंडून निघते, कुणाच्या नाही, यावर चाळीस वर्षं लोक वाद घालताहेत.

रक्ताच्या चाचणीचा प्रसंग येईल तेव्हा चहाचा कप खाली ठेवा.

दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट केंद्रात फेब्रुवारीत शेवटचं विमान गेलं की हिवाळाभर तिथे राहणारी मंडळी एकत्र बसून हा चित्रपट बघतात. पुढचे आठ महिने दुसरं विमान नसतं.

कमी वेळ असेल तर, किंवा जास्त असेल तर

सहा रात्री जमत नसतील तर पायरी ३, ५ आणि ७ धरा. जास्त रात्री मिळाल्या तर १९७४ चा 'ब्लॅक ख्रिसमस' (मुलींचं वसतिगृह आणि फोन), नॉर्वेचा 'कोल्ड प्रे' (२००६), आणि फिनलंडचा 'रेअर एक्सपोर्ट्स' (२०१०), ज्यात सांताक्लॉज मुळीच प्रेमळ नाही. '३० डेज ऑफ नाइट' (२००७) अलास्काच्या बॅरोमध्ये घडतो. त्या गावाचं नाव २०१६ पासून उत्कियाग्विक आहे आणि तिथे सूर्य प्रत्यक्षात सुमारे ६५ दिवस उगवत नाही. कल्पना जबरदस्त, पण चित्रपट मला मध्यावर थकलेला वाटला. 'द लॉज' (२०१९) चांगला आहे. मात्र आत्महत्येचा प्रसंग अगदी सुरुवातीला आणि अचानक येतो. मन नाजूक असेल त्या दिवशी तो लावू नका.

८. ३१ डिसेंबर : 'द फँटम कॅरेज' (१९२१)

शेवटची रात्र एका मूकपटाची. यात बर्फ फारसं नाही, पण हिवाळ्यातली हीच रात्र आहे. स्वीडनची सेल्मा लागरलेफ यांच्या १९१२ च्या कादंबरीवर व्हिक्टर श्योस्त्रोमने हा केला आणि पहिल्यांदा दाखवला १ जानेवारी १९२१ ला. गोष्टीतली समजूत अशी : वर्षाच्या शेवटच्या रात्री, बाराच्या ठोक्याला जो मरेल, त्याला पुढचं वर्षभर मृत्यूची गाडी हाकावी लागते. दारूपायी संसाराची धूळधाण केलेला एक माणूस त्या रात्री स्मशानात बसला आहे, आणि गावात एक मरणासन्न तरुणी त्याची वाट बघते आहे.

एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून बनवलेली ती पारदर्शक घोडागाडी आज शंभर वर्षांनंतरही अंगावर येते. समुद्राच्या लाटांवरून ती बुडालेल्याला न्यायला जाते, ते दृश्य मी दरवर्षी मागे घेऊन पुन्हा बघते. एका ठिकाणी नवरा कुऱ्हाडीने दार फोडतो. २८ तारखेला तुम्ही काय पाहिलं होतं, ते तिथे आठवेल.

मूकपटांच्या आवृत्त्यांना वेगवेगळं संगीत जोडलेलं असतं. दोन-तीन मिनिटं ऐकून सोसवेल ते निवडा. लांबी पावणेदोन तासांच्या आसपास असते, म्हणून दहा वाजता लावा. बाराला दहा-पंधरा मिनिटं उरतील. कोट चढवा, मफलर गुंडाळा आणि दाराबाहेर जाऊन उभे राहा.